शाकारणी, एकास सत्त्याऐंशी

किल्ली कुठे पळून जात नाही रे, तुझ्या डोक्यामागे खुंटीला आहे — वळून बघू नकोस, बस खाली. आल्या आल्या 'काका, आमच्या घराची किल्ली द्या' — अरे, हरिहरकाकाला काय तू कुलपांचा दुकानदार समजलास? सकाळच्या गाडीने उतरलायस, काकूने पोहे दिलेन, चहा अजून कपात आहे. घर काय चालत येणार आहे तुला भेटायला? याच आवारात आहे, काजूंच्या पलीकडे, पन्नास पावलं उतरलं की दार. आज रविवार, आणि बाबा तुझा यायचाय शुक्रवारी. राहायलाच येतोय, कायमचा, ठाऊक आहे मला — मलाही पत्र आलंय, 'दादा, आता शेवटचे दिवस माझ्या घरात.' शेवटचे म्हणे! साठीत कसले शेवटचे? एक बाजू लुळी पडली म्हणून काय झालं, दुसरी आहे की. लहानपणी दोन्ही बाजू धड होत्या तेव्हा तरी बाळाने, तुझ्या बाबाने, काय असे दिवे लावलेन? तेव्हा बस. झाडायला-पुसायला एक दिवस पुरे. हे बघ आधी. चार वर्षांनी येतोयस, हे तू पुरं झालेलं पाहिलंच नाहीस. — हळू! कोपर टेकू नकोस, स्टेशन हलतं.

खेळणी? म्हण, म्हण. तुझी काकू याला माझा भोंडला म्हणते. ऐकतोयस ना, स्वयंपाकघरात भांडी आपटतायत? ती माझ्यासाठी आपटतायत. चार दिवस माझ्याशी अबोला आहे. का ते — ते राहू दे. हे बघ. दोन जुनी दारं जोडून केलेलं टेबल, त्यावर हे अख्खं मिरजोळे, हे स्टेशन, हा मालधक्का, ही आपली वाडी. अठ्ठ्याण्णवला कोकण रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षी मी बांधकाम खात्यातनं रिटायर झालो. चौतीस वर्षं लोकांच्या पुलांचे आणि शाळांचे नकाशे काढले, हात शिवशिवत होते. त्यात समोरच्यांचा उन्मेष जहाजावर, त्याने हॅम्बुर्गहून हे इंजिन आणि रूळ आणून दिलेन. एकास सत्त्याऐंशी — म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशीने भागायची. तू म्हणजे एवढा, मुगाच्या शेंगेच्या तुकड्याएवढा. हसतोस काय, तुझा माणूस केलाय मी, तो बघ फलाटावर बॅग घेऊन उभा आहे. गाडी कधीची निघून गेलीय आणि तो तिथेच. चार वर्षं उभा आहे बिचारा.

पण खरं सांगू का, इंजिन कोणीही फिरवतं. बटण दाबलं की फिरलं. माणसाचा कस लागतो तो छपरांत. वरनं बघतो ना आपण — टेबलावर काय दिसतं? छप्परंच दिसतात. भिंती मेल्या कोण बघतो! छप्पर फसलं की गाव फसलं. ही कौलं कशाची आहेत सांग. प्लॅस्टिक? हॅट्. हात लाव — नखाने नको, बोटाच्या पेराने. पुठ्ठा? जवळ आलास. लग्नपत्रिका! सगळ्या गावच्या लग्नपत्रिका माझ्याकडे येतात आता, लोक लग्नाला बोलवायला विसरतील पण पत्रिका आणून देतात. पट्टी कापायची, ती पेनाच्या रिकाम्या रिफिलवर वळवून पन्हळ पाडायची, कडेला कात्रीने दाते पाडायचे, आणि एकीवर एक अशा खालून वर चिकटवत जायच्या. खालून वर, हां — वरनं खाली चिकटवलंस तर पाणी आत शिरतं. कागदाच्या घरात कुठलं पाणी म्हणतोस? तेच. मुंबईत राहून राहून तुम्हाला वाटतं पाणी फक्त नळाला येतं.

आणि हे तुमचं घर. बाळाचं. हे पाहिलंस ना, तुळशीसुद्धा आहे. याचं छप्पर कुठल्या पत्रिकेचं आहे, ओळख. तुझ्या! नव्व्याण्णवच्या जानेवारीतली तुझ्या लग्नाची, जाड, सोनेरी कडेची. बाकीच्या पत्रिका पातळ, भिजल्या की गोळा. तुझीच एक खणखणीत निघाली. त्या कौलांखाली अजून 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं लिहिलेलं आहे. मी लग्नाला उपस्थित राहून जेवढं केलं त्याच्यापेक्षा जास्त काम तुझ्या पत्रिकेने केलंन.

रंग? रंग कळतो तुला? सगळे जण इथेच फसतात. लाल डबी उघडतात, छप्पर लाल करतात, झालं. नवं कौल एक पावसाळा लाल असतं. दुसऱ्याला मळतं, पाचव्याला काळं पडतं. तेव्हा आधी लाल, त्यावर चहाचं पाणी — होय, हेच, काकूचा उकळून कडू झालेला चहा, त्याच्यासारखा रंग दुकानात मिळत नाही — मग कोळशाची वस्त्रगाळ पूड, आणि वळचणीला जांभ्याची माती, तीही वस्त्रगाळ. विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ वाळवून चुरडायचं आणि डिंकाच्या पाण्याने फक्त फणसाखालच्या बाजूला लावायचं, कारण तिथे ऊन येत नाही. चुलीवरच्या कौलांना काजळी जास्त. मालधक्क्याचा पत्रा गंजलेला दिसतोय ना, तो खरा गंज आहे, लोखंडाचा कीस कोकमाच्या आगळात आठ दिवस भिजत टाकला होता. काकू म्हणाली, 'सोलकढीला ठेवलेलं आगळ होतं ते.' मी म्हटलं, मालधक्का झाला ना? आणि ब्रश नेहमी वरनं खाली. पाऊस वरनं खाली येतो, डागसुद्धा वरनं खाली. एकदा आडवा हात मारलास की छप्पर मेलं. असं समोरून बघ, इकडून — समोरून छान दिसतं. मागे कशाला जातोस? मागे काही नाही बघण्यासारखं, मागचं पाखं, म्हणजे छपराचा मागचा उतार रे, पुढच्यासारखंच. बस रे.

हे? हे लाल ठिपके? चुकून उडालेला रंग म्हणालास? देवा नारायणा! बाळाच्या पोटी हा असा कसा निघाला? अरे गाढवा, ही शाकारणी आहे! शाकारणी ठाऊक नाही? डोंबिवलीत स्लॅब गळला की सोसायटीला पत्र लिहिता, तसं इथे नसतं. मे महिन्यात दरसाल छपरावर चढायचं, कौल न् कौल उचलून बघायचं, फुटलेलं काढायचं, सरकलेलं बसवायचं, नवं घालायचं. म्हणून नांदत्या घराचं छप्पर कधी एका रंगाचं नसतं — काळ्यात चार लाल, दोन तपकिरी. लांबून छपराकडे बघून सांगता येतं, या घरात माणसं आहेत का कुलूप आहे. सगळं सारखं काळं दिसलं की समजावं, इथे कोणी येत नाही. हे तुमच्या घरावरचे ठिपके मोज. ही दोन तपकिरी, ती नव्व्याण्णवची. ही तीन, ती दोन हजार सालची. मग ही, मग ही. आणि हे टकटकीत लाल, हे या मंगळवारचं. दर मेमध्ये टाचणीच्या टोकाने जुनं उचलतो आणि नवं बसवतो. तांदळाच्या दाण्याएवढं कौल, श्वास रोखून बसवावं लागतं.

तुला कशी ठाऊक असणार शाकारणी, तुला खाली उतरवलं तेव्हापासून तू चढलाच नाहीस! आठवतंय? एकोणऐंशी साल, तू दहा वर्षांचा. घर बांधून तीन वर्षं झाली होती, नकाशा माझा, पैसा आणि घाम बाळाचा. गोदीतनं पंधरा दिवसांची रजा काढून यायचा तो दर मेमध्ये, फक्त शाकारायला. मी वर, तो खाली. तो कौलं द्यायचा, मी लावायचो. एका तालात. त्या वर्षी तू हट्ट केलास, 'मीपण.' शंभरदा सांगितलं, पाय कौलावर नको, खाली वासा असेल तिथेच ठेव. ऐकतोयस कुठला! धाडकन पाय आत. खाली तुझी आई मासे तळत होती, तिला आढ्यातनं एक लोंबता पाय दिसला. तिने काय केलंन, झाऱ्याने तळव्यावर एक दिलीन! हसू येतंय ना? मलाही येतं. बाळा तर हसून हसून शिडी सोडून बसला खाली. त्या भोकात घातलेलं कौल अजून — अजून होतं. म्हणजे आहे. असेल.

काही नाही, असेल म्हटलं. चहा निवला, दुसरा टाकायला सांगू? सांगून उपयोग नाही म्हणा, ती माझ्याशी बोलत नाही.

का बोलत नाही? तू फार प्रश्न विचारतोस. तुझ्या बाबावर गेलायस. तोही असाच. मे महिना संपत आला की फोन, बाकी काही विचारायचं नाही, 'दादा, शाकारणी झाली?' झाली, म्हटलं की ठेवलंन. एवढ्यासाठी एसटीडी. — होय, मी होय म्हणायचो. मग काय म्हणणार? झालेलीच असायची.

तसा बघू नकोस माझ्याकडे. मी खोटं बोललेलो नाही. नव्व्याण्णवपर्यंत वरच्या वाडीतला महिपत यायचा मदतीला, बाळाला रजा मिळेनाशी झाल्यापासून. दोन हजार साली महिपत म्हणाला, 'भाऊ, अवंदा माज्यानं नाय व्हनार, गुडघं ग्येलं.' मी म्हटलं, न का होईना, मी आहे. चढलो. आढ्यापर्यंत गेलो, घोड्यावर बसतात तसा बसलो, आणि खाली बघितलं. बस. तिथेच बसलो, यज्ञेश. हात सुटेना, पाय हलेना. चौतीस वर्षं मी पुलांचे नकाशे काढले रे, माझ्याच काढलेल्या आढ्यावर बसून लटलट कापत होतो. दोन तास. ऊन डोक्यावर आलं. शेवटी महिपत त्या गेलेल्या गुडघ्यांनी वर आला आणि मला मांजराच्या पिल्लासारखा खाली आणलान. कोणाला बोलला नाही. पुढच्या वर्षी वारलाच बिचारा. कौलं तशीच राहिली, नवी आणलेली पडवीत रचून.

त्याच दुपारी मी इथे टेबलाशी बसलो होतो. वर सुटत नव्हते ते हात इथे नीट चालले — इथे उंची केवढी, वीतभर. एक, दोन, तीन, तीनही कौलं बसवली. आणि फोन वाजला. 'दादा, शाकारणी झाली?' आता सांग. काय सांगायला हवं होतं मी? झालीच होती की! त्या क्षणाला झाली होती, डिंक ओला होता. त्याने विचारलंन झाली का, मी म्हटलं झाली. केवढ्या मापाची, ते त्याने विचारलंन नाही.

हस की. मघाशी झाऱ्याला हसलास, आता का नाही? बरं, नको हसूस.

मजूर लावायला हवा होता, ठाऊक आहे. तुझी काकू चार वर्षं तेच सांगतेय. पण मजूर वर गेला की सगळ्या वाडीला ओरडून सांगणार, 'गेल्या वर्षी हात लागलेला नाही हो याला!' बाळाच्या कानावर जाणार. म्हटलं, पुढच्या वर्षी भीती गेली की दोन वर्षांचं एकदम करू. आणि मग थंडीत त्याला झटका आला. पुढच्या मेमध्ये तूच धरला होतास ना रिसीव्हर त्याच्या कानाशी? शब्द फुटत नव्हता त्याला. घुर्र, घुर्र, आणि मग, 'दादा... घर?' माझ्या भावाचा तीन महिन्यांत कानावर पडलेला पहिला शब्द. त्याला मी काय सांगू — कौलं फुटलीत? म्हटलं, 'टुमटुमीत आहे रे, नव्यासारखं.' तूच म्हणालास नंतर, बाबा त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

मग वानरं आली. मुंबईला तुम्हाला वानर म्हणजे मारुती, इथे वानर म्हणजे पंधरा जणांची टोळी फणसावरनं धडाधड छपरावर. एका मेची शाकारणी चुकली की चालतं, तीन चुकल्या की पाणी आढ्यात, पाण्यापाठोपाठ वाळवी. म्हणतात ना, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात — आमच्याकडे घर बिचारं जागेवर होतं, वासेच आधी फिरले. गेल्या श्रावणात, दुपारी, मी इथेच होतो, स्टेशनच्या छपराला चहा मारत होतो. धड्डाड् झालं. काकूला म्हटलं, फणस पडला वाटतं. ती म्हणाली, 'फणस नाही तो.' ठाऊक होतं मला. तरी संध्याकाळपर्यंत मी उतरून गेलो नाही बघायला. स्टेशन पुरं केलं.

मागचं पाखं गेलंय, यज्ञेश. माजघर पुरं उघडं. पुढून काही कळत नाही, पुढून छान दिसतं, म्हणून तर — हो, म्हणून तुला इथे बसवून ठेवलाय. दीड तास झाला ना? मला वाटलं होतं तू कंटाळशील, झोपशील, संध्याकाळ होईल, आणि तेवढ्यात मला काहीतरी सुचेल. पत्र आल्यापासून मी सुचायचीच वाट बघतोय. बाळाला म्हणावं, इथेच राहा, माझ्याकडे, ही खोली देतो, टेबल काढतो. टेबलसुद्धा काढीन रे. पण तो म्हणेल, माझं घर असताना? आणि त्याला शिंच्याला घर तिथपर्यंत चालत जाऊन बघायचंच असणार.

शिव्या घाल. खरंच घाल. — कुठे? बस. फोनकडे कशाला? नको, तू नको सांगूस त्याला. तुझ्या तोंडून ऐकलंन तर त्याला वाटेल, दादाला तोंड नव्हतं. सरक. नंबर पाठ आहे मला.

हॅलो. बाळा? मी रे, दादा. आला, आला यज्ञेश, पोहे हाणलेन दोन बशा. ऐक. — नाही, तू आधी ऐक. — अरे, तेच सांगायला केलाय फोन. ... नाही झाली. ... नाही, यंदाची नाही म्हणत. चार वर्षांची नाही झाली. मी खोटं सांगत होतो तुला. मागचं पाखं खाली आलंय, बाळा. माजघरावर काही नाही. — हॅलो? आहेस ना?

आहे. श्वास ऐकू येतोय.

हां, बोल. — कौलं? आहेत, पडवीत रचलेली, तीनशे तरी असतील, दर वर्षी आणत होतो, वर तेवढी जात नव्हती. — वासे नवेच लागतील. — नाही रे, पावसाआधी पुरं कसं होईल, यंदा ताडपत्री घालू, तोवर माझ्याकडे राहा. — काय? परत सांग, सावकाश सांग. ... तू देणार? डाव्या हाताने? — अरे पण मी वर नाही चढत आता, मला भीती वाटते, आज तेही सांगतो. — बरं. बरं म्हटलं ना! ओरडतोस काय, ओरडायला येतंय वाटतं नीट. ये शुक्रवारी. ठेव.

थांब, नाक पुसू दे. रडलो, त्यात लपवायचं काय आहे. — अगो ऐकलंस का, सांगितलं मी त्याला! ... बघ, भांडी थांबली.

तुझा बाबा म्हणतोय, खुर्ची टाकून बसेन अंगणात आणि खालून कौलं मी देणार. वर कोण चढणार ते त्याने सांगितलंन नाही. माझं वय झालं, महिपत राहिला नाही, आता या आवारात उरलं कोण? असा माझ्याकडे नको बघूस, पँट दुमड गुडघ्यापर्यंत. घे ती किल्ली, कुलपाला तेल घातलेलं आहे, कुलूप अगदी छान आहे तुमचं. शिडी गोठ्यामागे. आज नुसतं पुढच्या पाखावर जाऊन बघून ये, किती फुटलीत. आणि मेल्या, या खेपेला पाय वाशावर ठेव — ठेवायच्या आधी ठोकून बघ, वासा आहे ना ते.